दुखत नाही, म्हणून पाहायचं

मधुमेहाच्या रुग्णाला विचारावा असा एक साधा प्रश्न आहे. चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते लक्षात आलं, असं कधी झालंय का? बरेच जण हसून ‘हो’ म्हणतात. चप्पल सैल झाली असेल, वयानं होतंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातलेली असते. अंगठ्याची चप्पल पायात टिकते ती बोटांच्या पकडीमुळे, आणि ही पकड राहते तळव्याकडून मिळणाऱ्या जाणिवेच्या जोरावर. जाणीव कमी झाली की पकड ढिली पडते. म्हणून निसटलेली चप्पल ही पायाच्या नसा बधिर होत चालल्याची खूण असू शकते, आणि ती दवाखान्याच्या कितीतरी आधी घराच्या उंबऱ्यावर दिसते.

भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला आयुष्यात कधी ना कधी न भरणारी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. मधुमेहापायी ज्यांचं बोट किंवा पाय कापावा लागतो, त्यांतल्या साधारण ८५ टक्के लोकांच्या बाबतीत आधी अशी जखम झालेली असते. एखादा फोड, टाचेची भेग, चावणारी चप्पल. तिथपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर थांबता येतील अशा जागा पुष्कळ आहेत. त्या कुठे आहेत हे कळायला पायात नेमकं काय बिघडतं ते आधी पाहावं लागेल.

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरातल्या सर्वांत लांब, जवळजवळ मीटरभर. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांच्या तंतूंना आणि त्या तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांनाही इजा होते. नस जितकी लांब तितका तिच्या टोकाला आधी फटका बसतो. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांशी सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा तळव्यावरून घोट्याकडे, पुढे पोटरीकडे सरकतो. बहुधा दोन्ही पायांत सारखाच. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. कुणाला कापसावरून चालल्यासारखं वाटतं, कुणाला पायाखाली वाळू आहे असं वाटतं. काही वर्षांनी ही आग हळूहळू कमी होते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. साखर आटोक्यात आल्यानं किंवा औषधानं आग कमी झाली असेल तर उत्तमच. पण पुष्कळदा ती थांबते, कारण कळवणारी नसच गप्प झालेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तपासल्याशिवाय फरक कळत नाही. शिवाय ज्यांच्या नसा बिघडल्या आहेत त्यांतल्या निम्म्यांपर्यंत लोकांना मुंग्या नसतात, आगही नसते, काहीच जाणवत नसतं. ‘मला पायांचा काही त्रास नाही’ या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

नसा फक्त संवेदना नेत नाहीत. पायाच्या आतल्या लहान स्नायूंना चालवणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या की बोटं मुळाशी वर उचलली जातात आणि पुढून खाली वळतात. मग बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची टोकं तळव्यात खाली उतरतात, त्यांच्याखालची नैसर्गिक गादी पुढे सरकते, आणि अख्ख्या देहाचा भार थोड्याशा जागेवर येतो. अंगठ्याच्या मुळाखालची जागा यात सर्वांत जास्त सोसते. घामाच्या ग्रंथी चालवणाऱ्या नसा बंद पडल्या की पायाला घाम येत नाही. कातडी कोरडी, ताठ होते आणि टाचांना भेगा पडतात. म्हणजे एकच आजार पायाला बधिर करतो, वाकडा करतो आणि कोरडाही करतो.

जिथे दाब जास्त तिथे कातडी जाड होते. हा घट्टा. शेतात, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला घट्ट्याचं काही वाटत नाही, आणि पाय शाबूत असेल तर फारसं बिघडतही नाही. बधिर पायात मात्र घट्टा स्वतःच आतल्या मांसाला दाबू लागतो. त्याच्याखाली रक्त साकळतं, पोकळी होते, आणि एक दिवस वरचं झाकण फुटतं. लोकांना वाटतं जखम आज झाली. ती आतून कित्येक दिवस चाललेली असते. घट्ट्यात काळसर किंवा तांबूस ठिपका दिसला तर ते आत साकळलेलं रक्त असतं. तिथे खाली जखम तयार आहे असंच समजावं. जाणकार हातानं घट्टा तासून काढला तर त्या जागेवरचा दाब साधारण पाव हिश्शानं उतरतो, असं मोजमापात आढळलं आहे. गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि एवढा फायदा. पायाच्या काळजीत याच्याइतका स्वस्त उपाय क्वचितच असेल.

हे सगळं कळायला कुष्ठरोगाची फार मदत झाली, आणि तीही भारतातच. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहिलं तेव्हा दिसलं, की जंतू नसा मारतो आणि पुढची बहुतेक नासाडी न कळलेल्या जखमांमुळे होते. गरम भांडं, काटा, खिळा. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत, म्हणून पहारा ठेवला, तर उंदीर कुरतडताना सापडले. मग घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर द्यायला सुरुवात झाली.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय त्यांनी पाहिले आणि त्यांना तेच पाय पुन्हा भेटले. त्यांच्या तिथल्या प्रयोगांतून एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे आली. जखम व्हायला मोठा घाव लागत नाही. साधाच दाब, त्याच जागी हजारो वेळा पडत राहिला तरी ती जागा सुजते, गरम होते आणि फुटते. आपण चालतो म्हणजे नेमकं हेच करतो. निरोगी माणूस लांब चालताना नकळत पावलाची ठेवण बदलत असतो. एक जागा हुळहुळली की भार दुसरीकडे टाकतो, अगदीच झालं तर लंगडतो. लंगडणं हा शरीराचा स्वतःचा उपचार आहे. बधिर पायाच्या माणसाला तो मिळत नाही. तळव्याला रुपयाएवढी जखम असून माणूस सरळ चालत येतो, तेव्हा त्या जखमेइतकंच ते सरळ चालणंही काळजीचं असतं.

उंदरांची गोष्ट जुनी झालेली नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या मधुमेही माणसाच्या बोटांना रात्री उंदीर चावला आणि सकाळी चादरीवर रक्त दिसल्यावर कळलं, असे रुग्ण आपल्याकडे आजही येतात. पाय बधिर असतील तर खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, आणि पाय धुऊन, सुती मोजे घालून झोपावं.

नसांच्या जोडीला रक्तवाहिन्या. मधुमेहात गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होतात, कडक होतात. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की सुटतो, हे त्याचं ओळखीचं लक्षण. पण जाणीवच कमी झालेल्या पायात तेही येईलच असं नाही. पाय गार पडणं, कातडी पातळ आणि चकचकीत होणं, नडगीवरचे केस झडणं, रात्री झोपेत पाय ठणकणं आणि खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटणं, ही पुढची लक्षणं. शेवटचं दिसलं तर एक दिवसही थांबू नये. उलट, पाय गरम आहे आणि शिराही टपोऱ्या दिसतात म्हणून निर्धास्त राहणंही चूक. नसा गेलेला पाय बऱ्याचदा ऊबदारच असतो. विडी, सिगारेट या धमन्या आणखी आवळतात. मिश्री लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू घेतो असं वाटतच नाही, डॉक्टरही विचारत नाहीत, पण त्यातलं निकोटिन रक्तात जातंच.

आता रोजचं काम. पाय दुखून सांगणार नसेल तर डोळ्यांनी पाहून घ्यावं लागेल. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, भरपूर उजेडात. बाहेरून आल्यावर पाय धुण्याची सवय आपल्या घरांत आहेच. तीच वेळ सोयीची. तळवा, टाच, प्रत्येक दोन बोटांमधली बेचकी, नखांच्या कडा आणि पावलाच्या वरचा, जिथे पट्टा घासतो तो भाग पाहायचा. लालसरपणा, फोड, चीर, ओल, रंग बदललेलं नख, नवा घट्टा, वास. दोन्ही पावलं शेजारी ठेवून एकात सूज आहे का ते पाहायचं. हाताची उलटी बाजू तळव्यावरून फिरवून एखादी जागा दुसऱ्या पायाच्या तुलनेत गरम लागते का ते बघायचं, कारण जखम होण्याआधी ती जागा तापते. ज्यांना आधी जखम होऊन गेली आहे त्यांना काही तज्ज्ञ तळव्याचं तापमान घरीच मोजायला सांगतात. दोन पायांच्या त्याच जागेत लागोपाठ दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला, तर चालणं कमी करून दाखवायला यायचं.

मोजे पांढरे किंवा फिक्या रंगाचे घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा लसेचा डाग लगेच दिसतो. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून पाहावा. पण इथेच खरी अडचण आहे. ज्याच्या पायाला सर्वांत जास्त धोका त्याचे गुडघे वळत नसतात, पोट आड येतं, आणि मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्यावरही परिणाम केलेला असतो. त्याला ‘रोज पाय पाहा’ असं सांगून उपयोग नाही. ते घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगायला हवं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पावलांवर डोकं टेकवतात, पण त्यांचे तळवे कुणी पाहत नाही, आणि सुनेनं किंवा मुलानं तळपाय हातात घेऊन न्याहाळायचे म्हटलं की म्हातारी माणसं पाय आखडून घेतात. मला हा संकोच समजतो, आणि तरीही तो सोडायलाच हवा असं मी म्हणेन. आजोबांनी एकदा पाय पुढे केला की पुढचं सोपं होतं.

घरच्या माणसांना करता येईल अशी एक चाचणीही आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात ती तयार झाली आणि २०११ साली प्रसिद्ध झाली. माणसाला मोजे काढून आडवं व्हायला सांगायचं, डोळे मिटायला सांगायचं. आपल्या तर्जनीच्या टोकानं त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला, दोन्ही पायांच्या, अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि कळलं नाही म्हणून पुन्हा हात लावायचा नाही. त्यानं फक्त ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर होत आहेत असं समजून डॉक्टरांकडे जायचं. दहा वर्षांची नातसुद्धा हे करू शकते. दवाखान्यात हेच काम १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूनं आणि १२८ कंपनांच्या ट्यूनिंग फोर्कनं होतं. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी. जाणीव कमी झालेली किंवा रक्तपुरवठा घटलेला असेल तर सहा महिन्यांनी, त्यात पायाची ठेवण बिघडली असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर कुणी सांगण्याची वाट न पाहता दोन्ही पायांतले बूट-मोजे काढून बसावं. गर्दीच्या ओपीडीत झाकलेला पाय बहुधा झाकलेलाच राहतो.

धुण्याबद्दल. बंबातलं किंवा गिझरचं पाणी पायांवर सरळ घेऊ नये. आधी बादलीत विसण घालावं आणि कोपर बुडवून पाहावं. पाणी ३७ अंशांच्या आत, म्हणजे अंगाला कोमट लागेल इतकंच असावं. दिवसभराच्या थकव्यावर उतारा म्हणून टबमध्ये मीठ घालून पाय बुडवून बसायची अनेकांची सवय असते. बधिर पायाला त्यातून दुहेरी अपाय होतो. पाणी किती गरम आहे ते कळत नाही, आणि भिजून भिजून कातडी फोफशी होते. तीच गोष्ट गरम पाण्याच्या पिशवीची आणि शेकोटीजवळ पाय पसरून बसण्याची. भाजल्याचे फोड आलेले बरेच पाय थंडीच्या दिवसांत असेच येतात.

धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. पावसाळ्यात, भातलावणीच्या चिखलात दिवसदिवस उभं राहणाऱ्यांना चिखल्या होतात. तिथली कातडी पांढरी पडते, सोलते, वास येतो. इतरांना नुसती खाज सुटते, मधुमेहात मात्र त्याच चिरेतून जंतू आत शिरतात आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो. चिखल्यांवर बुरशीचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुरेसे दिवस लावावं, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. चिखलात उतरायचंच असेल तर गमबूट घालावेत. गमबूट घालून लावणी करणं अवघड आहे, हे मान्य. निदान बांधावर आल्याबरोबर पाय धुऊन कोरडे तरी करावेत.

टाचांच्या भेगांना कोकणात कोकमाचं मुठेल लावतात. मऊपणा आणायला ते चांगलंच आहे. व्हॅसलीन, खोबरेल किंवा युरिया असलेलं मलमही चालेल. अंघोळीनंतर कातडी किंचित ओलसर असताना लावावं आणि बोटांच्या बेचक्यांत मुळीच लावू नये. मुठेल दिव्यावर वितळवून गरम गरम भेगेत भरायची जी पद्धत आहे, ती मधुमेहींनी सोडावी. न्हाणीतली धातूची खरखरीत वजरीही नको. तळपायांची आग शमवायला काशाच्या वाटीनं तूप घासायची रीत जुनी आहे, आणि हल्ली त्याची यंत्रंही जागोजागी दिसतात. कातडी धड असेल तर घरच्या माणसानं हलक्या हातानं वाटी फिरवायला हरकत नाही. पण फिरत्या यंत्रावर बधिर पाय ठेवू नये. घर्षणानं तापून फोड आला तरी कळणार नाही.

नखं अंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत कापावीत. कोपरे आत कोरत गेलं की नखुरडं होतं. नजर कमी असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्यावीत, आणि जाड, वेड्यावाकड्या झालेल्या नखांना घरी हात लावू नये. कुरूप ब्लेडनं काढणं, रस्त्याकडेला बसणाऱ्याकडून काढून घेणं, दुकानातल्या कुरूपाच्या पट्ट्या चिकटवणं, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. त्या पट्ट्यांतलं सॅलिसिलिक आम्ल कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही.

जोडव्यांचा विषय फारसा कुणी काढत नाही. पायाला संध्याकाळी सूज येत असेल तर घट्ट जोडवी बोटात रुततात, खाली ओल साठते, आणि बोट बधिर असेल तर वळ पडून जखम झाली तरी बाईला समजत नाही. सौभाग्याच्या भावनेमुळे ती काढायची तयारी नसते, आणि त्या भावनेचा मान राखूनही वाट काढता येते. पातळ, सैल, जुळवून घेता येणारी जोडवी घालावीत, रात्री काढून ठेवावीत, आणि बोटाला खाच दिसली किंवा रंग बदलला तर ती भरेपर्यंत घालू नयेत.

पादत्राणांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण जखमांचं मोठं मूळ तिथेच आहे. अंगठ्याची रबरी स्लिपर, कडक कातड्याची कोल्हापुरी आणि निमुळत्या टोकाचे बूट बधिर पायाला चालत नाहीत. कोल्हापुरी पायात मुरेपर्यंत चावते आणि मग मऊ होते, हे खरं. पण मुरण्याच्या त्या आठवडाभरात दुखून थांबवणारं कुणी नसतं. चांगल्या चपलेला मागे पट्टा असतो, पुढे बोटांना ऐसपैस जागा असते, वरचे पट्टे मऊ आणि वेल्क्रोनं कमी-जास्त करता येतात. खालचा थर इतका टणक असावा की बाभळीचा काटा आरपार येऊ नये, आणि ती बनवताना खिळे वापरलेले नसावेत. आतला तळ एमसीआर रबराचा असावा. चिमटीत दाबलं तर हे रबर दबतं आणि सोडलं की लगेच पूर्ववत होतं, त्यामुळे भार एका जागी न राहता पसरतो. एमसीआर चप्पल आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांसाठी तयार झाली. म्हणून ती ‘महारोग्यांची चप्पल’ आहे असं वाटून काही जण घालायला लाजतात. आता ती साध्या सँडलसारखीच दिसते, रंगही हवे ते मिळतात, आणि ज्या पायाला तिची गरज आहे त्याच्यासाठी दुकानातल्या महागड्या स्पोर्ट्स शूजपेक्षा ती कितीदा तरी सरस ठरते.

खरेदीला संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा दुसऱ्याकडून काढून घ्यावी आणि चप्पल त्यावर ठेवून पाहावी. रेषा बाहेर आली तर माप लहान. बुटाची आतली लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त हवी. बधिर पायाला घट्ट बूटच ‘बरोबर बसतो’ असं वाटतं, कारण थोडी जाणीव तेवढ्यानंच होते, आणि तिथेच फसगत होते. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभर घालून पाय तपासावा, मग वेळ वाढवावा. प्रत्येक वेळी घालण्याआधी बूट उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. नातवाचा खेळण्यातला तुकडा, खडा, दुमडलेला मोजा, अशा वस्तूंवर माणसं दिवसभर चाललेली आहेत. घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. घरातली चप्पल वेगळी ठेवावी.

देवळाचं काय करायचं, हा प्रश्न येतोच. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवा भाजलेले भाविक दरवर्षी दवाखान्यात येतात. सकाळी लवकर जावं, जाड सुती मोजे घालावेत, आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. वारीची गोष्ट याहून अवघड. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, पाऊस, चिखल, तापलेला डांबरी रस्ता. ज्याच्या पायाची जाणीव शाबूत आहे, साखर आटोक्यात आहे, त्यानं मुरलेली पादत्राणं घालून खुशाल चालावं. ज्याची जाणीव गेली आहे त्यानं जाण्याआधी पाय तपासून घ्यावा, अनवाणी चालण्याचा नवस करू नये, मोज्यांच्या जोड्या जास्त घ्याव्यात, आणि प्रत्येक विसाव्याला व मुक्कामाला दिंडीतल्या सोबत्याकडून तळवे पाहून घ्यावेत. फोड दिसला तर पुढचा टप्पा गाडीनं करावा. ज्याच्या तळव्याला उघडी जखम आहे, त्यानं त्या वर्षी चालू नये. विठ्ठलाचं दर्शन एसटीनं जाऊनही होतं.

जखम दिसलीच तर? त्या पायावर चालणं थांबवावं, स्वच्छ पाण्यानं जखम धुवावी, कोरड्या गॉजनं झाकावी आणि दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टर गाठावा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, राख, यांतलं काही भरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण नव्यानं भरून येणारं मांसही त्यानं दुखावतं. फोड फोडू नये. लाली पसरत असेल, पू किंवा घाण वास येत असेल, बोट काळं पडत असेल, तर दुसरा दिवसही उजाडू देऊ नये. मधुमेहात पायात पू झाला तरी ताप येईलच असं नाही. कधी कधी पहिली खूण इतकीच असते, की खाण्यात काही बदल नसताना साखर एकाएकी वाढते.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती हमखास निसटते. जखम नाही, मार लागल्याचं आठवत नाही, पण एक पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे आणि त्या मानानं दुखत नाही. मुरगळलं असेल, युरिक ॲसिड वाढलं असेल, जंतूसंसर्ग असेल, असे अंदाज होतात. एक्स-रेमध्येही सुरुवातीला काही दिसत नाही. हा शार्को पाय असू शकतो. त्यात पावलाची हाडं आणि सांधे आतून ढासळत असतात, आणि माणूस चालत राहिला तर काही आठवड्यांत पावलाची कमान बसून तळवा होडीच्या बुडासारखा गोल होतो. पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढला तर पावलाचा आकार वाचवता येतो. अशा पायाला चोळणं, मालिश, शेक यांतलं काही नको.

तळव्याच्या जखमेवर उपचार करताना डॉक्टर रक्तपुरवठा तपासतात, मेलेली कातडी काढतात, संसर्ग असेल तर प्रतिजैविकं देतात. ही तिन्ही कामं आवश्यक आहेत, पण रुग्ण ज्याला उपचारच मानत नाही ते चौथं काम आहे जखमेवरचा भार काढणं. त्यासाठी सर्वांत भरवशाची मानली जाते ती पावलापासून गुडघ्याखालपर्यंतची, पायाला सगळीकडून चिकटून बसणारी, रुग्णाला स्वतः काढता न येणारी प्लॅस्टरची पट्टी. काढता येणारा बूट दिला तर लोक घरात आल्यावर तो काढून ठेवतात. ‘बाथरूमपर्यंतच तर जायचंय’ असं म्हणतात. पण जखम ती पावलंही मोजते. रोज ड्रेसिंग करूनही महिनोन्‌महिने जखम भरत नसेल, तर मलम बदलण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: पायाला रक्त पुरेसं मिळतं आहे का, आणि मी यावर चालतो आहे का.

अशी सगळी व्यवस्था एका छताखाली देणारे दवाखाने अजून कमी आहेत. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांनी या विषयाकडे देशभरच्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं. डॉ. पेंडसे यांचा सहभाग असलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात भारतासह काही देशांत डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्यांना पाय तपासायला शिकवण्यात आलं. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ नसला तरी पाय पाहायला शिकलेली एक परिचारिका असली, तर अर्धं काम होतं.

जखम भरली की रुग्णही सुटकेचा श्वास सोडतो आणि घरचेही. पण भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, कारण कातडी भरून आली तरी नस, हाडाची ठेवण आणि त्या जागेवरचा दाब तसाच असतो. बोट कापलं असेल तर त्याचा भार शेजारच्या बोटावर जातो, आणि पुढची जखम तिथे होते. त्यामुळे भरलेल्या पायाची चप्पल पुन्हा मापानं बनवून घ्यावी, आतला तळ चेपला गेला की बदलावा, घट्टा दर महिन्या-दोन महिन्यांनी तासून घ्यावा, आणि संध्याकाळी पाय पाहण्याचं काम घरात ज्याच्याकडे आहे त्याला भरलेली जागा नेमकी कोणती ते बोट ठेवून दाखवून द्यावं.